फाल्गुनातली गारपीट

धाराशिव जिल्ह्यात शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब दिवाळीला नव्हे, शिमग्याला लागतो. खरिपाच्या सोयाबीन-उडदातून हाती थोडा पैसा येतो. घरातली वर्षाची भाकरी आणि दावणीची वर्षाची वैरण मात्र रब्बीच्या ज्वारीतून येते. हस्त-चित्राच्या ओलीवर पेरलेला शाळू, म्हणजे ही रब्बीची ज्वारी, संक्रांतीच्या आगेमागे हुरड्याला येतो आणि फाल्गुनात काढणीला. त्याच दिवसांत हरभरा वाळून मळणीला आलेला असतो, गहू पिवळा पडलेला असतो, करडई काट्यावर आलेली असते आणि द्राक्षबागांत व्यापाऱ्यांच्या गाड्या फिरू लागलेल्या असतात. वर्षभराची सगळी कमाई एकाच वेळी उघड्यावर असते, असे वर्षातले हे तीन-चार आठवडे. २०१४ साली गारपीट झाली ती नेमकी या आठवड्यांत.

तेव्हा जिल्ह्याचे अधिकृत नाव उस्मानाबाद होते. धाराशिव हे नाव सरकारदरबारी रुजू झाले २०२३ मध्ये. बालाघाटाच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे साधारण दोन भाग केले आहेत. पश्चिमेला भूम-परंड्याकडचा सीनेच्या खोऱ्यात उतरणारा मुलूख, पूर्वेला कळंब, धाराशिव, तुळजापूर, लोहारा, उमरग्याकडची मांजरा-तेरणेची काळी जमीन. पाऊस वर्षाला सरासरी सात-साडेसातशे मिलीमीटर, तोही बेभरवशाचा. ढगाकडे आशेने बघण्याची सवय असलेला हा प्रदेश आहे. म्हणूनच २०१४ च्या फाल्गुनात ढगाची धास्ती घेण्याची वेळ आली, हे इथल्या जुन्या माणसांनाही पचवायला जड गेले.

त्या गारपिटीची गोष्ट तिच्या आधीच्या दोन वर्षांपासून सांगायला हवी. २०१२ चा पावसाळा मराठवाड्यावर रुसला. २०१३ च्या उन्हाळ्यात राज्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना आणि बीडच्या जोडीने उस्मानाबादचे नाव होते. १९७२ च्या दुष्काळाशी तुलना होत होती. फरक इतकाच, की १९७२ ला अन्नाची टंचाई होती आणि या वेळी पाण्याची. धरणे मृत साठ्याखाली गेली, गावोगाव टँकर लागले, जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. ज्यांना छावणी गाठता आली नाही त्यांनी बैल बाजारात नेले. बागायतदारांनी विकतच्या पाण्यावर बागा जगवल्या आणि त्यासाठी सोसायटीचे, बँकेचे, नाहीतर सावकाराचे पैसे उचलले.

मग २०१३ चा पावसाळा चांगला झाला. परतीच्या पावसाने जमिनीत ओल धरली. शाळू जोमात आला. दोन वर्षांची तूट याच हंगामात भरून काढायची, या हिशेबाने लोकांनी बियाणे, खत, औषध यांत हात आखडता घेतला नाही. त्या वर्षीची वेळ अमावस्या, म्हणजे इथल्या बोलीतली येळवस, १ जानेवारी २०१४ रोजी आली. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकांना या सणाचे मोल कळायचे नाही. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. ज्वारीत कडब्याची कोप उभारायची, पांडव मांडून पूजा करायची, भज्जी, आंबिल आणि उंड्यांचे जेवण पाहुण्यांसह पिकात बसून करायचे. हा सण म्हणजे उभ्या पिकाची ओटी भरणे. त्या जानेवारीत शिवारात बसलेल्या माणसाला समोर डोक्याएवढी ज्वारी दिसत होती. कर्जाचा कुठला हप्ता कशातून फेडायचा, याचे बेत त्या कोपीतच झाले असतील.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा सुरू झाला आणि आभाळ बदलले. महाशिवरात्र त्या वर्षी २७ फेब्रुवारीला होती. तिच्या आगेमागे मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भात वादळी पाऊस आणि गारा सुरू झाल्या. मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत त्यांनी कळस गाठला आणि महिन्याच्या मध्यापर्यंत कुठे ना कुठे त्या पडतच राहिल्या. वळवाचा पाऊस महाराष्ट्राला नवा नाही. चैत्र-वैशाखात तापलेल्या दुपारनंतर वारा सुटतो, विजा कडाडतात, चार गारा पडतात, पोरे त्या वेचून खातात आणि संध्याकाळी आभाळ मोकळे होते. या वेळी तसे झाले नाही. एक वादळ ओसरले की दोन-तीन दिवसांत दुसरे उभे राहत होते. पंधरा-वीस दिवस हा क्रम चालला आणि राज्याच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना त्याची झळ बसली. एवढा विस्तार आणि एवढा मुक्काम असलेली गारपीट राज्याच्या स्मरणात नव्हती.

दुपारपर्यंत ऊन कडक असे. चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळेनिळे ढग चढत, वारा क्षणभर पडे आणि मग एकदम धुळीचा लोट अंगावर येई. पहिले टपोरे थेंब, त्यामागून हरभऱ्याएवढ्या गारा, मग लिंबाएवढ्या. पत्र्यावर त्यांचा आवाज असा होई, की घरात शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नसे. सारा मारा काही मिनिटांचा. तो थांबला की शिवार पांढरे दिसे. सरीत, बांधाच्या कडेला, ओढ्याच्या उतारावर गारांचा खच पडे, आणि काही ठिकाणी तो दुसऱ्या दिवशीही पुरता वितळलेला नव्हता. झाडाखाली चिमण्या, साळुंक्या, बगळे मरून पडलेले सापडत. रानात चरायला गेलेली शेळ्या-मेंढ्यांची खांडे माऱ्यात सापडली. ज्या जिल्ह्याच्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, तिथे भूमिहीन घराची सारी पुंजी अनेकदा ही चार-पाच जनावरेच असतात.

हे घडले कसे, याचा शोध पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी नंतर घेतला. बारामतीजवळ माळेगावला असलेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने तर त्याच वर्षी गारपिटीची कारणे, नुकसान आणि नंतरची काळजी यांवर पुस्तिका काढली. त्यांच्या मांडणीचा गाभा सोप्या शब्दांत सांगता येतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेचे जोरदार वारे उंचावरून वाहत असतात. त्या वर्षी हा प्रवाह नेहमीच्या जागेच्या बराच दक्षिणेला सरकला आणि त्याच्याबरोबर थंड, कोरडी हवा दख्खनच्या पठारावर आली. त्याच वेळी खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून दमट, उबदार हवा येत होती. वर थंड, खाली उबदार आणि ओली, अशी रचना झाली की हवा वेगाने वर उसळते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत चढतात.

मार्चमध्ये आपल्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी साधारण चार-साडेचार किलोमीटर उंचीवर भेटते. तिच्या वर गेलेले पाण्याचे थेंब लगेच गोठत नाहीत. शून्याखालच्या तापमानातही पाणी म्हणून तरंगत राहतात आणि एखादा बर्फाचा कण सापडला की त्याला चिकटून गोठतात. वर चढणारी हवा जोवर त्या कणाचे वजन पेलते तोवर त्याच्यावर थर चढत जातात. मोठी गार मधोमध फोडली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते यामुळे. वजन पेलवेनासे झाले की गार सुटते. एरवीच्या उन्हाळ्यात खालच्या गरम हवेतून येताना ती बरीचशी विरघळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये खालची हवा तेवढी तापलेली नसते, म्हणून त्या गारा आकार राखून जमिनीवर आल्या.

या शास्त्रातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कथेला लागू आहे. गार सरसकट पडत नाही, ती पट्ट्याने पडते. ढगाच्या ज्या भागात उसळी सर्वांत जोरदार, त्या भागाखालची चिंचोळी पट्टी झोडपली जाते आणि ढग सरकेल तशी ती लांबत जाते. गावाच्या एका अंगाचे शिवार भुईसपाट आणि ओढ्यापलीकडचे जसेच्या तसे, हे चित्र त्या फाल्गुनात गावोगाव दिसले. दुष्काळ सगळ्या पंचक्रोशीला एकाच मापाने मोजतो. गारपीट बांधागणिक वेगळा न्याय करते.

नुकसानीची तऱ्हाही पिकागणिक वेगळी होती. उभा गहू लोळला. हरभऱ्याचे वाळलेले घाटे गारेच्या एका तडाख्यात फुटले आणि दाणे मातीत पडले. भिजल्यावर त्यांना तिथेच मोड आले. ज्वारीचे दुःख दुहेरी. ज्यांची उभी होती त्यांची ताटे मोडली. ज्यांनी घाईने काढून पेंढ्या शेतात पसरल्या होत्या त्यांच्या पेंढ्या भिजल्या, पुन्हा वाळायच्या आत पुन्हा भिजल्या, आणि मोत्यासारखा पांढरा दाणा बुरशीने काळा पडला. काळ्या ज्वारीची भाकरी कडवट लागते आणि बाजारात तिला कोंबडीखाद्याच्या नाहीतर दारूच्या कारखान्याचाच भाव मिळतो. काळवंडलेल्या कडब्याला जनावर तोंड लावत नाही. म्हणजे भाकरी गेली आणि वैरणही गेली.

द्राक्षबागेचे नुकसान तर एका हंगामात संपत नाही. मण्याला गार लागली की साल तडकते, रस बाहेर येतो, एका सडक्या मण्याने अख्खा घड नासतो. पण गार फक्त घड फोडत नाही, वेलीची काडीही सोलून काढते. पुढच्या हंगामाची नवी फूट त्या काडीतून यायची असते. जखमेतून बुरशी शिरू नये म्हणून लगेच बोर्डो मिश्रणासारखी फवारणी करावी लागते. ज्याचे सगळे उत्पन्न मांडवाखाली चिखलात पडले आहे, त्याने या फवारणीचे पैसे आणायचे कुठून? कुठे वाऱ्याने लोखंडी अँगल वाकवून मांडवच आडवे केले होते. २०१३ चा दुष्काळ टँकरने पाणी घालून काढलेल्या बागा होत्या या.

आता राज्यकारभाराकडे वळू. ५ मार्च २०१४ रोजी निवडणूक आयोगाने लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्याच क्षणी आचारसंहिता लागू झाली. गारपीट तेव्हा ऐन भरात होती. उस्मानाबाद मतदारसंघात मतदान १७ एप्रिलला व्हायचे होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, ज्यांनी बांधावर जाऊन पंचनामे करायचे, तीच माणसे निवडणुकीच्या कामालाही लागणार होती. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारला मदत जाहीर करायची तर आधी आयोगाची परवानगी हवी होती. केंद्राचे पथक येऊन पाहणी करून गेले. राज्यातल्या बाधित क्षेत्राचा आकडा दहा लाख हेक्टरांच्या पलीकडे गेला आणि वाढतच राहिला, कारण एका वादळाचे पंचनामे पुरे होण्याआधी दुसरे येत होते. पहिल्या पंचनाम्यात चाळीस टक्के नुकसान लिहिलेले शेत चार दिवसांनी पूर्ण गेले, तर आधीचा कागद फाडायचा की नवा लिहायचा, असा प्रश्न गावपातळीवर उभा राहिला.

या टक्क्यांना फार महत्त्व होते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे नुकसान ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत मिळे. पंचेचाळीस टक्के गेलेला शेतकरी कागदावर बाधित नव्हता. आणि टक्का ठरवायचा नजरेने. उभे पीक असेल तर निदान मोडलेली ताटे दिसतात. काढून पडलेल्या, वरून बऱ्या दिसणाऱ्या आणि आतून बुरसलेल्या पेंढ्यांचा टक्का कसा ठरवणार? बांधावर उभ्या असलेल्या तलाठ्याच्या हातात छापील तक्ता, समोर शेतकरी, मागे शेजारचे दहा जण. त्या तक्त्यात गट नंबर, क्षेत्र, पीक, टक्केवारी एवढेच रकाने असत. त्या पिकावर किती कर्ज आहे, हा रकाना कुठेच नव्हता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात राज्य सरकारने सुमारे ४,००० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. जिरायतीला हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीला १५,००० आणि फळबागांना २५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांपेक्षा हे दर बरेच जास्त होते, आणि निवडणुकीच्या धामधुमीत ते मिळाले हे नमूद करायलाच हवे. जिरायत शेतकऱ्याच्या पेरणीचा खर्च त्यातून बराचसा निघाला असेल. द्राक्षबागेवर एकरी लाखांत खर्च करणाऱ्याला मात्र हेक्टरी २५,००० मध्ये औषधांची उधारीही फेडता आली नसती.

एवढ्यावर संपले असते तर २०१४ ही एका वाईट हंगामाची आठवण ठरली असती. पण त्या वर्षीचा पावसाळाही दगा देऊन गेला, आणि २०१५ चाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुष्काळ, गारपीट, दुष्काळ, दुष्काळ: चार वर्षांची ही ओळ आहे. या ओळीत गारपिटीची जागा महत्त्वाची, कारण चारांतला एकच चांगला हंगाम तिने नेला. कर्ज फेडण्याची संधी एकदाच आली होती, ती पंधरा दिवसांत गेली. २०१५ साली मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांचा आकडा हजाराच्या वर गेला आणि धाराशिव सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत होता. त्या मृत्यूंचे कारण एकट्या गारपिटीवर टाकणे चूक ठरेल; घराघराची कथा वेगळी असते. पण थकलेल्या खात्यावर नवे पीककर्ज मिळत नाही आणि मग सावकाराचा उंबरठा चढावा लागतो, ही साखळी या चार वर्षांत जिल्हाभर दिसली.

या आपत्तीने धोरणे हलवली का? काही हलली. २०१५ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उत्तर भारतात अवकाळी पाऊस आणि गारपिटीने गव्हाचे मोठे नुकसान केले, तेव्हा केंद्राने मदतीसाठीची नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली आणि दर दीडपट केले. २०१४ ला अपात्र ठरलेले असंख्य शेतकरी या नव्या नियमात बसले असते. हवामान नोंदींचीही सुधारणा झाली. २०१४ मध्ये डॉप्लर रडार मुंबई, नागपूर, हैदराबाद येथे होती आणि धाराशिव त्या सगळ्यांच्या कडेला पडत होते. पुढे महावेध प्रकल्पातून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पुण्याच्या संस्थेचे रडार ढगांच्या अभ्यासासाठी सोलापुरात आले. वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे दामिनी ॲप आज खेड्यातल्या मोबाईलवर आहे. याने माणूस आणि जनावर वाचते. पीक वाचत नाही, कारण तासाभराच्या सूचनेवर चार एकर ज्वारी घरात नेता येत नाही.

गार पाडणाऱ्या ढगाला अडवण्याचा उपायही अजून सापडलेला नाही. ऑस्ट्रियातल्या द्राक्षमळेवाल्यांनी १८९६ पासून आभाळाकडे तोंड करून तोफांचे बार काढले, ती प्रथा युरोपभर पसरली आणि सरकारी चाचण्यांत निष्फळ ठरून विरली. हिमाचलातले सफरचंद बागायतदार झाडांवर जाळ्या टाकतात. त्या बागेला परवडतात, ज्वारीला नाही. अमेरिकेच्या मैदानी गहू पट्ट्यात शेतकरी एकोणिसाव्या शतकापासून गारपिटीचा स्वतंत्र विमा घेत आला आहे आणि त्यात नुकसान त्याच्या स्वतःच्या शेतात मोजले जाते. जिरायत पिकाला खरा आधार देईल असा उपाय मला हाच दिसतो.

आपल्याकडे विम्याचे काय झाले, तेही सांगतो. २०१४ ला पीकविमा मुख्यतः क्षेत्राच्या तत्त्वावर चाले. महसूल मंडळातल्या मोजक्या शेतांत पीक कापणी प्रयोग होत, त्यांची सरासरी निघे आणि ती आधी ठरवलेल्या उंबरठा उत्पन्नाखाली गेली तरच मंडळातल्या सर्वांना भरपाई मिळे. एका मंडळात पंधरा-वीस गावे असतात. गारेचा पट्टा त्यांतल्या तीन गावांवरून गेला, तर उरलेल्या गावांच्या चांगल्या पिकाने सरासरी वर राहते आणि त्या तीन गावांना काहीच मिळत नाही. २०१६ च्या खरिपापासून आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेने ही उणीव काही अंशी भरून काढली. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत शेतकऱ्याने सुरुवातीला ४८ आणि पुढे ७२ तासांत कळवायचे आणि त्याच्याच शेताची पाहणी व्हायची, अशी सोय तीत होती. अंमलबजावणीबद्दल तक्रारी पुष्कळ झाल्या. फोन लागत नव्हते, पाहणीला माणूस वेळेत येत नव्हता. तरीही गार बांधाबांधाला वेगळी पडते, हे सत्य विम्याच्या कागदावर मान्य झाले होते.

गारा पुन्हा येत राहिल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत मराठवाडा-विदर्भात, २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा. आणि २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपया हप्त्याचा पीकविमा बंद करून सुधारित योजना आणली, तेव्हा स्थानिक आपत्तीची वैयक्तिक भरपाईही काढून टाकली. आता विम्याची भरपाई पुन्हा फक्त पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवर ठरते. सरकारी मदतीचा पंचनामा शेतागणिक होतो, पण ती मदत असते, भरपाई नव्हे. विमा योजनेत गैरप्रकार झाले आणि सरकारवरचा बोजा वाढला, ही सरकारने दिलेली कारणे खरी मानली, तरी त्यावर इलाज पाहणी कडक करण्याचा होता. गारपिटीचे वैयक्तिक संरक्षण निदान रब्बीच्या ज्वारी, हरभरा आणि गव्हाला तरी परत मिळाले पाहिजे, आणि ते हस्ताच्या पेरणीआधी जाहीर झाले पाहिजे.